पाच मोजून एक श्वास

माझ्या दोघींनो, रविवारी फोनवर थोरली म्हणाली की शाळेत प्लॅस्टिकच्या बाहुलीला श्वास द्यायला शिकवलं. "आजी, तू खरंच कुणाला दिलायस?" मी हो म्हणाले आणि तेवढ्यात तुम्हाला जेवायला हाक आली. पुढचा रविवार लांब आहे, म्हणून लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण हे ज्या गाडीत घडलं तिथे कोणी इंग्रजी बोललं नव्हतं. बाबा वाचून दाखवतील.

क्रमाने सांगते. तेव्हा मी भामरागडकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. तुमचे आजोबा गेले होते, तुमचे बाबा तिकडे परदेशात स्थिरावले होते. क्वार्टरमध्ये मी एकटी. ड्युटी संपली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. हळूहळू कामावरही कमी बोलायची सवय लागली.

श्रावणातल्या एका सकाळी भाताच्या बांधीत रोवणीसाठी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटताना एका तरुण बाईच्या उजव्या हाताच्या करंगळीला नाग चावला. नवरा आणि सासू तिला घेऊन आले. डॉक्टरांनी विषावरचं औषध दिलं, तरी तिच्या पापण्या मिटत गेल्या, मान पडली. नागाचं विष स्नायू लुळे करतं, छातीचेसुद्धा. श्वासाचं यंत्र चंद्रपूरला. डॉक्टर एकटेच, त्यांना केंद्र सोडता येईना. अँब्युलन्समध्ये मी बसले.

अर्ध्या तासात तिचा श्वास थांबला. डाव्या हाताने जबडा वर उचलून मास्क तोंडावर घट्ट धरायचा, नाहीतर जीभ मागे पडून वाट बंद होते. उजव्या हाताने रबरी पिशवी दाबायची, छाती वर आलेली बघायची. पाच मोजायचे, पुन्हा दाबायची.

आलापल्लीच्या अलीकडे नाल्यावरून पाणी वाहत होतं. गाडी थांबली. ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला मी मास्क बाजूला ठेवून क्षणभर पाठ फिरवली. सासूला वाटलं, मी हात टेकले. तिने बाटलीतलं पाणी सुनेच्या तोंडात घातलं, जाणाऱ्याच्या तोंडात घालतात तसं.

घशातून खळखळ ऐकू आली. मी तिला कुशीवर वळवलं, डोकं खाली केलं, कापडाने तोंड पुसून काढलं. पिशवी दाबली तर छाती हलेना. ओठ काळे पडत होते. पुन्हा वळवलं, पुन्हा पुसलं, जबडा उचलला. तिसऱ्या दाबाला छाती वर आली.

चूक सासूची नव्हती. काय चाललंय ते मी त्या दोघांना सांगितलंच नव्हतं.

नवरा म्हणाला, "बाई, आता काऊन दाबून राह्यल्या? संपली थे. गाडी मागं वळवा. पानी वाढलं त घरी नेता येनार नाई."

मी त्याचं बोट तिच्या गळ्यावर ठेवलं. "हे लागतंय?"

त्याने बोट जरा दाबून पाहिलं. "लागते."

"मग जिवंत आहे. विषामुळे डोळे उघडता येत नाहीत. ऐकू मात्र सगळं येतं तिला."

सासूने पदर तोंडाशी नेला. नवऱ्याने बोट काढलं नाही.

ऐकू येतं, म्हणून मी तिच्याशी बोलायला लागले. प्रत्येक दाबाआधी सांगायची, आता श्वास देते. मग तेही पुरेना. पाणी उतरायला दोन तास लागले आणि पुढे चंद्रपूरपर्यंतचा रस्ता. हात दुखला की नवरा पिशवी दाबायचा, जबडा मीच धरायची. मी तिला माझ्या क्वार्टरबद्दल सांगितलं. एका माणसाचा भात नेहमी जास्तच होतो, हे सांगितलं. मला नात झालीय, मी अजून पाहिलेली नाही, हेही सांगितलं. थोरले, ती तू.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तीन वर्सापासून तुमची गाडी चालवून राह्यलो. माह्याशी त एवढं कधी बोलल्या नाई."

"तुम्ही मधेच बोलता, भाऊ," मी म्हटलं.

मोठ्या दवाखान्यात तिला यंत्राला लावलं. ती जगेल की नाही, कुणी सांगेना. मी त्याच गाडीने परतले, आणि त्या रात्री पहिल्यांदाच क्वार्टरचं कुलूप उघडायला नको वाटलं.

महिन्याभराने ती केंद्राच्या दारात उभी राहिली, मागे सासू.

"हे म्हातारी मले पानी पाजून पोचवत होती," ती म्हणाली.

"पोचली का मंग?" सासू म्हणाली. "आली ना परत, माह्या डोक्यावर बसाले."

मग सुनेने मला विचारलं, "बाई, नात पाह्यली का?"

मी नाही म्हटलं. ती माझ्याजवळ बाकावर बसली आणि बाहेरचे पेशंट संपेपर्यंत उठली नाही. आम्ही फारसं बोललो नाही.

आता मी चंद्रपुरात राहते. ती गाडी भंगारात गेली, सासू वारली. ती बाई मात्र आहे. विषाने उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली, बाकी ती सगळी शाबूत आहे, आणि यंदाही रोवणीला होती.