दोन कोर्टांच्या मधली गल्ली

"ही गल्ली आमच्याकडे येत नाही," फायलिंगच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी माझा दावा खिडकीबाहेर सरकवला.

"मग कुणाकडे येते?"

"पलीकडच्या जिल्ह्यात विचारा."

"पलीकडच्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे त्यांना माहीत नाही," असं म्हणून ते जेवायला उठले.

मी तिथेच उभी राहिले. चिडले होते. मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या संरक्षण कारखान्यातल्या नोकरीमुळे चेन्नईला आले आणि इथेच वकिली करू लागले. तमिळ आधी भांडण्यापुरतं शिकले. वकिलीला तेवढं पुरलं. पण खिडकीशी भांडून आजवर कुणाचा दावा दाखल झालेला नाही, हेही मी इथेच शिकले.

इकडच्या कोर्टांत एक पद्धत आहे. तुम्ही दावा दिला की कचेरी तो तपासते आणि काही खुसपट निघालं तर परत करते. याला 'रिटर्न' म्हणतात. परत करताना मागे एक प्रश्न लिहितात, 'हा दावा या कोर्टात कसा चालतो?' आपण उत्तर लिहून तो पुन्हा द्यायचा. पुन्हा रिटर्न. दाव्याला नंबर पडेपर्यंत तो जन्मालाच आलेला नसतो, आणि जन्माला न आलेल्या दाव्यात जज्ज हुकूम देत नाहीत. आणि मला हुकूम हवा होता, तोही शुक्रवारच्या आत.

आमच्या अशिलाचं नाव सेतुमाधवराव. बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. चेन्नईजवळच्या कोवलमच्या अलीकडे, समुद्राजवळच्या एका गावात त्यांनी छोटं घर बांधलं होतं. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एकच गल्ली. शेजारी मुरुगेसन. तो श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात सुपरवायझर. कंपनीच्या सवलतीत त्याने नवी गाडी घेतली आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती ठेवायला घरी जागाच नाही. तेव्हा ही गल्ली आपल्या एकट्याच्या मालकीची आहे असा साक्षात्कार त्याला झाला. गल्लीच्या तोंडाशी भिंत घालून, तिला आपल्यापुरतं फाटक ठेवून आत गाडी लावायची असं ठरलं. विटा येऊन पडल्या. गवंडीही ठरला.

नेमक्या त्याच आठवड्यात सेतुमाधवरावांच्या पत्नी कमलाबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होत्या. शुक्रवारी डिस्चार्ज. रुग्णवाहिका दारापर्यंत यायला ही गल्लीच. भिंत झाली तर उरली असती ती मागच्या बाजूची वाळूतली पायवाट, जिच्यावरून धडधाकट माणूसही चप्पल हातात घेऊन चालतो.

राव आमच्या वेस्ट मांबलमच्या ऑफिसात येऊन बसायचे. ते तंजावरची जुनी मराठी बोलतात. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुम्ही मराठी बरीच बोलतां, बाई. कोठें शिकलां?" साताऱ्याच्या माणसाला हे ऐकावं लागावं, याचा मला दिवसभर राग येत राहिला. पण दावा परत आला त्या दुपारी त्यांनी हात जोडले. "मजला दुसरें कांही नको. ती घरीं कशी येईल, तेवढें सांगा." मग माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता ही गल्ली कुणाचीच का नव्हती, ते सांगते.

आपल्याला वाटतं, जिल्हा म्हणजे जिल्हा. तसं नसतं. प्रत्येक राज्यात जिल्ह्यांच्या रेघा दोनदा ओढलेल्या असतात. एक कलेक्टरसाठी: सातबारासारखे जमिनीचे कागद, दाखले, कर. दुसरी कोर्टांसाठी. हा न्यायिक जिल्हा. त्याच्या माथ्यावर जिल्हा न्यायाधीश, खाली लहान कोर्टं. अगदी पायथ्याशी जे दिवाणी कोर्ट असतं त्याला इकडे मुन्सिफ कोर्ट म्हणतात. बहुतेक ठिकाणी या दोन रेघा एकावर एक असतात, म्हणून सामान्य माणसाला पत्ताच लागत नाही. पण सरकारने नवा जिल्हा काढला किंवा शहर वाढवलं, की कलेक्टरची रेघ आदेशासरशी हलते. कोर्टाची हलत नाही. त्यासाठी हायकोर्टाशी बोलावं लागतं, वेगळी अधिसूचना काढावी लागते, जज्ज लागतात, इमारत लागते, जुन्या फायली कुठे न्यायच्या ते ठरवावं लागतं. तोवर एखादं गाव कलेक्टरच्या लेखी एका जिल्ह्यात राहतं आणि जज्जांच्या लेखी दुसऱ्यात.

आमच्या गावाचं तसंच झालं. कलेक्टरने सगळं गाव शहराच्या बाजूला घेतलं. कोर्टांची हद्द मात्र जुनीच राहिली: समुद्राकडे जाणारा एक ओढा. ओढ्याच्या उत्तरेला एक कोर्ट, दक्षिणेला दुसरं. यात काही अवघड नव्हतं. फक्त ओढा शिल्लक नव्हता. तो कधीच बुजला होता आणि त्यावर प्लॉट पडले होते. उत्तरेचं कोर्ट म्हणे, ओढा तुमच्या गल्लीच्या उत्तरेकडून जायचा, तेव्हा गल्ली दक्षिणेची. दक्षिणेचं कोर्ट म्हणे, ओढा गल्लीच्या दक्षिणेकडून जायचा, तेव्हा गल्ली उत्तरेची. शिवाय तुम्ही आता शहरात गेलात, आम्हाला कशाला त्रास देता?

मी ऑफिसात परत आले आणि आमच्या सीनिअरांपुढे, वरदराजन सरांपुढे, दावा ठेवला. सर फिल्टर कॉफी पीत होते. त्यांनी मागचे शेरे वाचले आणि त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

"कलम अठरा," सर म्हणाले.

दिवाणी प्रक्रिया संहितेत हे कलम अशाच प्रसंगासाठी आहे. जमीन नक्की कुठल्या कोर्टाच्या हद्दीत आहे याची शंका असेल, तर त्यांतलं कुठलंही एक कोर्ट 'शंकेला जागा आहे' अशी नोंद करून दावा चालवू शकतं.

"सर, ते मी वाचलंय. पण इथे शंकाच नाही. दोन्ही कोर्टांना पक्की खात्री आहे, की गल्ली आपली नाही."

"मग शंका निर्माण कर. वकिलाला आणखी काय येतं?"

मी उत्तरात कलम अठरा लिहिलं, दावा जज्जांसमोरच ठेवा अशी विनंती केली आणि बुधवारी सकाळी दक्षिणेच्या कोर्टात गेले. बरोबर सेतुमाधवराव. व्हरांड्यात एकच बाक होता आणि त्यावर मुरुगेसन बसला होता. त्याच्या मांडीवर एक दावा होता. त्याच्या शेजारी त्याचा वकील पार्थसारथी, माझा रोजचा जेवणातला सोबती, ज्याने माझ्या डब्यातले पोहे आजवर कधी नाकारलेले नाहीत.

"तू इथे काय करतोयस?" मी विचारलं.

पार्थसारथीने दाव्याची मागची बाजू दाखवली. 'हा दावा या कोर्टात कसा चालतो?'

झालं होतं असं, की पोलिसांनी मुरुगेसनला दटावलं होतं, आधी कोर्टाचा कागद आण, मग भिंत घाल. म्हणून गल्ली आपल्या एकट्याची आहे असं जाहीर करून मागणारा दावा त्यानेही केला होता. तोही उत्तरेकडून परत आला होता, दक्षिणेकडून परत आला होता आणि आता पुन्हा इथे आला होता. माझ्या मनातला मुरुगेसन म्हणजे दांडगाई करणारा माणूस होता. बाकावरचा मुरुगेसन शिफ्ट बुडवून आलेला, झोपेने डोळे लाल झालेला माणूस निघाला. मला हसू यायला लागलं ते आवरेना.

सेतुमाधवरावांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधे पार्थसारथीची बॅग. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण खिडकीतल्या माणसाबद्दल दोघांचं मत एकच होतं आणि ते दोघंही तमिळमध्ये मोठ्याने सांगत होते.

पार्थसारथी मला बाजूला घेऊन म्हणाला, "आधी कोर्ट मिळवू या. भांडण नंतर."

मला हे पटलं. भांडायला जागा हवी म्हणून आम्ही दोघांनी तह केला. दोन्ही दावे एकत्र पुकारायची विनंती केली आणि मॅडम जज्जांसमोर शेजारी शेजारी उभे राहिलो.

मॅडम तरुण होत्या, काटेकोर होत्या आणि त्यांच्यापुढे त्या दिवशीच्या फायलींचा ढीग होता. त्यांनाही खात्री होती. "ही गल्ली उत्तरेच्या कोर्टाची आहे. शंका कुठे आहे?"

मी बोलले. पार्थसारथी माझ्याहून जोरात बोलला. माझ्या बाजूने इतका चांगला युक्तिवाद मी आजवर ऐकला नव्हता. मॅडम बधल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, तिथे राहणारं कुणी आलं आहे का? दोघंही पुढे झाले.

पोलीस ठाणं कुठलं, असं त्यांनी विचारलं. रावांनी एक सांगितलं, मुरुगेसनने दुसरं. वीज बिलाचं ऑफिस? रावांचं दक्षिणेला, मुरुगेसनचं उत्तरेला. मतदान? मुरुगेसन म्हणाला, एकदा या शाळेत, एकदा त्या शाळेत. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला आशा वाटू लागली.

"तो ओढा नक्की कुठून जायचा, हे तुम्हांपैकी कुणाला सांगता येईल?"

राव म्हणाले, आपण घर बांधलं तेव्हाही तो बुजत आला होता, नक्की सांगता येणार नाही. हे खरं उत्तर होतं आणि आमच्या कामाचंही होतं. तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मुरुगेसन गावातच जन्मलेला. कुणी माहिती विचारावी आणि आपण ती अर्धी द्यावी, हे त्याच्या स्वभावातच नाही.

"मला माहीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "ओढा आमच्या गल्लीतूनच जायचा. अगदी मधून. अजूनही जोराचा पाऊस झाला की पाणी तिथूनच वाहतं. म्हणून तर मी आणि सेतुमाधव सरांनी मिळून तिथे मुरूम टाकला. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा माझा. तेव्हापासून दोन्ही घरांची ये-जा तिथूनच आहे. आमच्या दोघांची गल्ली आहे ती, मॅडम. ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही."

पार्थसारथीने त्याच्या शर्टाची बाही ओढली. उशीर झाला होता. मुरुगेसनला वाटलं, तो शाबासकी देतोय. त्याने मान हलवली आणि मुरूम कुठल्या खाणीतून आणला तेही सांगितलं.

मॅडम लघुलेखकाकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे सगळं घ्या." मग त्यांनी सांगितलं, की शंकेला जागा आहे असं कोर्टाला वाटतं, तशी नोंद करून दोन्ही दावे दाखल करून घ्यावेत. मुरुगेसनने आनंदाने पार्थसारथीकडे पाहिलं. पार्थसारथी खाली पाहत होता.

त्याच दुपारी भिंतीला मनाई मागणारा माझा अर्ज चालला. मला फार बोलावं लागलं नाही. मॅडमनी मुरुगेसनचंच बोलणं त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, दोघांची गल्ली असेल तर भिंत एकट्याची कशी? त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ते मी ओढ्याबद्दल बोललो, मॅडम." कोर्टात सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण लिहिताना नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिंत बांधायची नाही, गल्ली मोकळी ठेवायची, असा हुकूम झाला.

सेतुमाधवराव बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "बाई, तुमची मराठी फार गोड आहे." मीही डोळे पुसले. त्या क्षणी मी साताऱ्याचा सगळा अपमान माफ केला.

शुक्रवारी मी मुद्दाम गेले. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली आणि विटांच्या ढिगापाशी अडली. हुकूम हातात होता, पण हुकूम काही विटा उचलत नाही. मुरुगेसन रात्रपाळी करून नुकताच कंपनीच्या बसमधून उतरला होता. त्याने युनिफॉर्मच्या बाह्या वर केल्या आणि विटा बाजूला रचायला लागला. ड्रायव्हरला तो हातवारे करत सांगत होता, डावीकडे घे, खड्डा आहे, पूर्वी इथे ओढा होता. कमलाबाईंना भांडणाची काहीच कल्पना दिलेली नव्हती. त्यांनी स्ट्रेचरवरून त्याला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, मुरुगेसन किती चांगला. त्याला कॉफी द्या."

त्याने कॉफी घेतली. कप परत देताना मला हळूच म्हणाला, "मॅडम, मी खोटं काही बोललो नाही ना?" मी म्हटलं, नाही, तीच तर तुमच्या वकिलाची अडचण झाली.

दावे अजून चालू आहेत. तारखा पडतात. मुरुगेसनची गाडी मोठ्या रस्त्यावर उभी असते आणि तारखेला सेतुमाधवराव त्याच गाडीत पुढे बसून, त्याच्याच विरुद्धच्या दाव्यासाठी कोर्टात येतात. बसला गर्दी असते, असं त्यांचं म्हणणं. ओढा नक्की कुठून जायचा, यावर कुठल्याच कचेरीने अजून काही कळवलेलं नाही.

पार्थसारथी माझ्याबरोबर जेवतो. हा विषय काढला की तो पोहे तोंडात कोंबतो. नव्या ज्युनिअरांना मात्र मी या केसमधून एवढंच शिकवते: कोर्ट मिळेपर्यंत अशिलाला बोलू द्यावं, आणि कोर्ट मिळायची चिन्हं दिसली की त्याला खाली बसवावं.