सेल्माच्या पुलावर जावयासोबत

मैथिली फोनवर म्हणाली, "आई, येऊ नकोस, चालेल. पण दर वेळी गुडघ्याचं कारण नको सांगूस." त्याच आठवड्यात मी व्हिसाचा फॉर्म भरला. इंदूर ते दिल्ली, दिल्लीहून मध्ये एक विमान बदलून अटलांटा. एकसष्टाव्या वर्षी हा प्रवास एकटीने जमतो, फक्त व्हीलचेअर आधी सांगून ठेवा आणि त्यात लाज वाटून घेऊ नका. मी वाटून घेतली आणि दुसऱ्या विमानतळावर पाऊण तास चालत राहिले.

मैथिलीच्या लग्नाला सात वर्षं झाली. मी पहिल्यांदाच तिच्या घरी जात होते. जावई अमोल महूचे. कुणी विचारलं तर मी "महूचे आहेत, शिकलेली फॅमिली आहे" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. ते दलित आहेत, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कोर्टातल्या लग्नाला मी आणि माझे यजमान, दोघंही गेलो नव्हतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतली ही ट्रिप मैथिलीने ठरवली होती. कृष्णवर्णीय लोकांनी जिथे हक्कांसाठी मोर्चे काढले, मार खाल्ला, ती गावं तिला मला दाखवायची होती. आदल्या दिवशी तिच्या ऑफिसात काहीतरी अडलं आणि तिची सुट्टी गेली. मी लगेच म्हटलं, राहू दे मग. अमोल म्हणाले, "काकू, बुकिंग झालंय ना. मी नेतो." असे आम्ही दोघंच निघालो. मी त्यांना अहो-जाहो करते. मैथिली म्हणते त्यात मान कमी, अंतर जास्त आहे.

अटलांटाहून मॉन्टगोमेरी अडीच तास. रस्ता सरळ, दोन्हीकडे पाइनची झाडं, बघण्यासारखं काही नाही. अलाबामात शिरल्यावर घड्याळ एक तास मागे जातं, म्युझियमची वेळ घेतली असेल तर लक्षात ठेवा. गाडीत आम्ही तीनदा हवामानावर बोललो. मी आणलेली लौंग सेव, आमच्या इंदूरची लवंग घातलेली शेव, त्यांच्यापुढे केली. "तिखट आहे ना, बढिया," म्हणाले आणि मूठभर घेतली.

मॉन्टगोमेरीत टेकडीवर एक स्मारक आहे. जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांचं. गंजलेल्या लोखंडाचे उंच खांब, प्रत्येकावर एका जिल्ह्याचं नाव आणि तिथे मारल्या गेलेल्यांची नावं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात. मग जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. काही ठिकाणी नावाऐवजी "अज्ञात" लिहिलंय. भिंतीवरच्या पाट्यांवर मारण्याची कारणं आहेत. एकाला मारलं, कारण त्याने गोऱ्या पोलिसाला "मिस्टर" म्हटलं नाही. सावली कमी आहे, टोपी आणि पाणी न्या. मी अर्ध्यातच बाकावर बसले.

"फार भयंकर आहे हो," मी म्हटलं. "बरं झालं, आपल्याकडे इतकं नव्हतं."

अमोल बाटलीचं झाकण लावत होते. ते पूर्ण लावून झाल्यावर म्हणाले, "माझे आजोबा लग्नात घोडीवर बसले होते, काकू. गावच्या लोकांनी खाली ओढलं. इतकं मारलं की एका कानाने कायमचं ऐकू येणं बंद झालं. मग ते गाव सोडून महूला आले."

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही ना."

आवाजात राग नव्हता. थकवा होता, एकच फॉर्म दहाव्यांदा भरताना असतो तसा.

संध्याकाळी जेवायला भात, राजम्यासारखी उसळ आणि उकडलेला पाला मिळाला. शाकाहारी लोकांनी आधी विचारावं, पाल्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. माझ्या वतीने अमोलनी विचारलं. मोटेल हायवेलगत होतं, साधं आणि स्वच्छ. नाश्त्याला ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या रव्याची पातळ लापशी. मी त्यात लिंबू पिळलं आणि सेव घातली.

दुसऱ्या दिवशी सेल्मा, तासाभराचा रस्ता. मोर्चेकरी हाच रस्ता सेल्माहून मॉन्टगोमेरीपर्यंत चालत आले होते, मतदानाचा हक्क मागत. ते जिथे मुक्कामाला थांबले, तिथे पाट्या आहेत. मी मनात मोठं, गजबजलेलं गाव धरलं होतं. मुख्य रस्त्यावरची बरीच दुकानं बंद, काचांवर धूळ, दुपारी रस्त्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रा.

नदीजवळ एका खोलीत जुने फोटो लावले आहेत. तिथे मिस अर्नेस्टीन नावाच्या वयस्कर बाई बसतात. १९६५ साली, अकरा वर्षांच्या असताना, त्या मोर्च्याबरोबर इथल्या नदीवरच्या पुलावरून चालल्या होत्या; तिथेच पोलिसांनी मोर्चा अडवून लोकांना मारलं होतं. घोड्यांवरचे पोलीस, अश्रुधूर, धावताना हरवलेला एक बूट, सगळं त्यांनी सांगितलं, पण यादी वाचावी तसं.

"तुमची आई होती बरोबर?" मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं.

"आई गोऱ्या लोकांकडे स्वयंपाक करायची. ती दिसली असती तर काम गेलं असतं. म्हणून मला पाठवलं. काम तरीही गेलं."

"आता तरी बरं आहे ना?"

त्या जरा हसल्या. "मत देता येतं. माझा नातू मोठ्या शहरात राहतो, तो अजून मोर्च्यात जातो. तो जातो त्या दिवशी मी फोन मांडीवर घेऊन बसते. माझी आईही अशीच बसली असेल, फोनशिवाय. लोक येतात, पुलावर फोटो काढतात, मला धन्यवाद देतात. मी दमलेय, बाई. पण मी नाही सांगितलं तर ते फोटोंखालचं वाचून निघून जातील." मग अमोलकडे बघून त्यांनी विचारलं, "हा मुलगा का?"

"मुलीचा नवरा," मी म्हटलं. सात वर्षांत एवढं सरळ मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पूल चढणीचा आहे. मध्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. मोर्चेकऱ्यांनाही वर पोचल्यावरच पोलिसांची रांग दिसली होती. मध्यावर माझा गुडघा थांबला. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली मातकट नदी, बाजूने ट्रक जात होते.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा मैथिली आणि अमोल दोघंही आले होते. मैथिली आत आली. अमोलना कुणी आत बोलावलं नाही. ते गल्लीत, समोरच्या घराच्या शेडखाली तीन तास उभे होते. नातेवाईक काय म्हणतील, या भीतीने मीही बोलावलं नाही.

"मी तुम्हाला त्या दिवशी खिडकीतून पाहिलं होतं," मी म्हटलं.

"माहितीये. मी पण तुम्हाला पाहिलं."

"माझं चुकलं, अमोल."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "उतरायचं का, की रुकायचं थोडं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबू. थांबलो. परतीच्या रस्त्यात ते आजोबांबद्दल थोडं अधिक बोलले. मी ऐकलं.

इंदूरला येऊन दीड महिना झाला. भिशीत मी फोटो दाखवले. एका मैत्रिणीने विचारलं, "जावई कोणातले हो तुमचे, कधी सांगितलंच नाही?" मी सांगितलं. एकजण "अच्छा, अच्छा" म्हणाली आणि पोह्यांवर अजून सेव घातली. पुढच्या भिशीचा निरोप मला आलेला नाही.

गेल्या मंगळवारी बसने महूला गेले. अमोलच्या आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर आहेत. दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच "या" म्हणाल्या. पंखा लावला, पाणी आणलं, समोर बसल्या. मी येण्याचं कारण सांगू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"एकच विचारते. तुमचे यजमान गेले, मिट्टी झाली, त्या दिवशी अमोल बाहेर उभा होता. तो म्हणाला, गर्दी होती मम्मी, त्यांना दिसलोच नाही. तुम्हाला दिसला होता का?"

"हो," मी म्हटलं. "दिसले होते."

त्यांनी मान हलवली. "मी इतके दिवस त्याचंच खरं धरून चालले होते."

त्या जा असं म्हणाल्या नाहीत. उठून निघून यावं असं फार वाटत होतं. मी बसून राहिले.