पत्रिकेतून उतरलेला नवरदेव

ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात हवेत वर जाई आणि तिथे नसलेली दोरी ओढी. तोंडाने एकदा "टिंग" केले की वाक्य तिथेच थांबवायचे. "टिंग टिंग" केले की पुढे न्यायचे. एस.टी.तून निवृत्त झालेले हे आमचे कंडक्टर. टोकावड्यात कुणाचेही भाषण किंवा निमंत्रण मी लिहायचे आणि ते प्रथम यांनी ऐकायचे, असा रिवाज पडला होता. मी त्यांना बोलावत असे, हा लोकांचा समज खोटा आहे. ते आपणहून येत.

मजकुराची लांबी ते थांब्यांनी मोजत. "गुर्जी, तुमचं भाषन मुरबाडपर्यंत गेलं. मानसं सरळगावलाच उतरली." जोडाक्षरांनी लादलेला शब्द आला की भुवया चढत. "ह्याला लगेजचं तिकीट पडंल." 'कृतज्ञतापूर्वक' हा माझा आवडता शब्द त्यांनी कितीदा खाली उतरवला आणि मी कितीदा पुन्हा चढवला, याचा हिशेब नाही.

दुसऱ्यांच्या ओळी अशा बेधडक उतरवणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतले एकही नाव उतरवता येईना. मी सुटसुटीत मजकूर लिहून दिला होता. त्यात त्यांनी नातलग घातले, मग बरोबर काम केलेले सगळे ड्रायव्हर घातले आणि शेवटी बाजाराला कोंबड्या घेऊन येणारी एक म्हातारी घातली.

"अहो, ती निमंत्रकांत कशी?" मी विचारले.

"मग कुठं घालू? तिनं माझ्या पोरीला दुपट्यात बघितली हाय."

मुरबाडच्या छापखान्यातली मुलगी म्हणाली, "काका, कागद संपला. एक ओळ तरी काढा." त्यांनी एक ओळ काढली. छापलेले गठ्ठे घरी आले, निम्मे नातलगांत वाटूनही झाले, तेव्हा कुठे एक पत्रिका माझ्या हाती पडली.

"कंडक्टर, नवरदेव कुठे आहे?"

"शहापूरला. का?"

"पत्रिकेत कुठे आहे?"

"त्याला आमंत्रन कशाला, गुर्जी? तो तर येनारच हाय."

वाचकहो, नवरदेवाचे नाव लिहायला मी विसरलो, असे आमच्या गावात आजही सांगतात. ते नाव मी सर्वांत वर, वळणदार अक्षरात लिहिले होते.

संध्याकाळी शहापूरहून व्याह्यांचा फोन आला. "आमचा मुलगा पसंत नसेल तर तसं स्पष्ट सांगा." एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. कंडक्टर ओट्यावर मटकन बसले. मुलगी उंबऱ्यात उभी होती. "आबा, लगीन मोडलं तर मांडवात तुमच्या डायवरांना नाचवनार काय?" ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरला गेलो. माझी क्षमायाचना लांबली आणि कंटाळून व्याह्यांनी होकार दिला, अशीही एक आवृत्ती प्रचारात आहे. ती साफ खोटी आहे. माझी क्षमायाचना सुरूच झाली नाही. मी घसा साफ करीत असतानाच कंडक्टर हात जोडून पुढे झाले.

"चूक माझी. जागा नवती. गर्दीत आपन परक्याला बसवतो नि आपल्या मानसाला उभं करतो. मी जावयाला उभं केलं."

नवरदेवाला हसू आवरेना. "बाबा, मला त्यांनी आधीच घरातला धरलंय. आता मोडून कसं चालेल?" मग व्याह्यांनी आत चहा सांगितला.

परतताना नवरदेव आमच्याबरोबरच टोकावड्याला आला. उरलेल्या पत्रिका पुढ्यात घेऊन तो ओट्यावर बसला आणि प्रत्येकीवर आपले नाव हाताने लिहू लागला. मुलगी शाई वाळवायला पत्रिका हलवत होती आणि त्याच्या अक्षराची यथेच्छ टिंगल करत होती. "हा 'र' हाय का रताळं?"

कंडक्टर अंगणात पाठमोरे उभे राहून उपरण्याने डोळे पुसत होते. आता ते नाहीत, त्यामुळे कोणीही काहीही सांगतो. डोळ्यांत कचरा गेला होता म्हणे. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. कचरा नव्हता.