पास्त्याच्या पाण्याची आमटी

आता तुमच्यापासून काय लपवू? अख्ख्या गल्लीला कळलंय, तुम्हीही ऐका. माझ्या हातानं मी माझंच तोंड कसं बंद केलं, त्याची ही गोष्ट!

नात सई कॉलेजात आहे. तिच्या तीन मैत्रिणी पुण्याहून जेवायला येणार होत्या. म्हणाली, "आज्जी, पास्ता करूया." तोवर सून शोभा मधेच बोलली, "आत्ती, ते तुमचं काम न्हवं. मी करते."

माझं काम न्हवं? शाळेचं तोंड न बघता वाणसामानाच्या पुड्या वाचून अक्षर शिकलेली बाई मी! पन्नास माणसांचं मटण एकटीनं उतरवलंय. आणि ह्या बोटभर पोकळ नळ्या मला ऐकणार नाहीत?

"जमलं न्हाय तर महिनाभर तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार न्हाय!"

शोभाचे डोळे काय चमकले! लग्नात पाटल्या घातल्या तेव्हाही असे चमकले नव्हते. "शब्द?"

"शब्द!"

बोलून तर गेले. पण सुनेच्या जेवणाला नावं ठेवल्याशिवाय मला अन्न पचतं का हो?

सईनं मोबाईलमधनं वाचलं, मी वहीत उतरवलं. पाणी उकळा. मीठ सढळ घाला, पाणी समुद्रासारखं खारट लागलं पाहिजे. पास्ता शिजवा. पाणी ओतून टाका...

"ओतून टाका? अगं ए, मटणाच्या पाण्याचा पांढरा रस्सा होतो. पुरणाच्या डाळीच्या पाण्याची कटाची आमटी होते. आणि हे मोरीत?"

"आज्जी, तसंच लिहिलंय की!"

"लिहिणाऱ्याला रस्सा म्हाईत न्हाय!" ती ओळ मी पेनानं खोडली.

सई मैत्रिणींना आणायला गेली आणि मी पदर खोचला. बाकी सगळं वहीबरहुकूम. मीठ? चांगलं मुठीनं! ढबू मिरची, गाजर, मटार परतले, पास्ता घातला, वर चीज किसलं. अशी तार सुटली म्हणता! आणि राखून ठेवलेल्या पाण्याला दिली कांदा-लसूण मसाल्याची झणझणीत फोडणी. वर तर्री लालभडक!

"चाखून तरी बघा," शोभा म्हणाली.

"पावण्यांच्या आधी? माझ्या सासूनं हात तोडले असते. मीठ मला वासावर कळतं!"

पोरी आल्या, बसल्या, पहिला घास घेतला. "आज्जी, भारी! एकदम हॉटेलसारखा!"

शोभाचं तोंड एवढंसं झालं. जिंकले होते हो मी! शहाणी बाई तिथंच गप्प बसली असती. पण माझी नजर ताटांवर गेली. सगळी कोरडी! कोल्हापुरात पाहुणा जेवतोय आणि ताटात रस्सा नाही?

"कोरडं काय खाताय गं? थांबा!"

चौघींच्या पास्त्यावर पळी ओतली. त्या नको म्हणेपर्यंत दुसरी. "लाजू नका, भरपूर हाय!"

एकीचे डोळे बटाट्याएवढे झाले. दुसरीनं तांब्याच तोंडाला लावला. तिसरीनं कसंबसं गिळलं आणि हुंदका दिला.

"आज्जी!" सई किंचाळली. "पाणी मोरीत ओतलं न्हाईस? अगं, ओतून टाकायचं म्हणून तर एवढं मीठ!"

अख्खी घागर संपली. शोभा शांतपणे उठली आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

आज नववा दिवस. दुपारी शोभानं आमटी केली, मिठाचा कण नाही! मुद्दाम. मी काय ओळखत नाही तिला?

"आत्ती, मीठ बरोबर हाय न्हवं?"

जिभेवर बारा वाक्यं आली. बाराही गिळली. म्हटलं, "झकास!"

"व्हय?" म्हणत तिनं माझी वाटी काठोकाठ भरली.

आणि मी नको म्हणेपर्यंत दुसरी पळी!