हात कानाला लागला की

काल भाचीचं नाव घालायला नगरपालिकेच्या शाळेत गेलो. आमच्या गावातली ही सर्वांत जुनी शाळा, मीही इथलाच. बाईंनी जन्मदाखला पाहिला. "वीस दिवस कमी पडतायत हो. कॉम्प्युटर घेणार नाही." मी वैतागलो. भाचीने मात्र उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरायला बघू लागली. हे माप तिला माझ्या वडिलांनी शिकवलेलं.

पूर्वी दाखले होते कुणाकडे? हात कानाला लागला की मूल शाळेत घालायचं. विणकरांची, हमालांची, झाडूवाल्यांची पोरं याच मापाने या दारातून आत आली आणि हळूहळू गाव वाचायला लागलं. माझा हात दोन बोटं कमी पडला होता. वडिलांनी गुपचूप माझी मान कलती केली. गुरुजींनी ते पाहिलं, आणि तरीही नाव लिहिलं. अशा किती कलत्या माना त्यांनी पाहून न पाहिल्यासारख्या केल्या असतील!

भाचीचाही हात पुरेना. तिने मान कलती केली आणि ओरडली, "लागला!"

बाई हसल्या. मला म्हणाल्या, "नाव पुढच्या वर्षी घालू. बसायला उद्यापासून पाठवा."