सर्वांच्या वतीने एक नारळ

"नारळाबिगर मानूस मोठा व्हत न्हाई," असं पुणतांब्याचे कारभारीशेठ एकदा म्हणाले होते. निमित्त गावातल्या नव्या ट्रान्सफॉर्मरचं होतं. तो बसवणाऱ्या वायरमनच्या खांद्यावर शाल घालून, हातात नारळ देऊन शेठ वीस मिनिटं बोलले. वायरमनला मधूनच खांबावर परत चढायचं होतं, पण शाल घेऊन चढता येत नाही.

शेठचं खत-बियाण्याचं दुकान होतं. लायसन बायकोच्या, सविताबाईंच्या नावावर, कारण कृषी पदविका तिची. गल्ल्यामागची खुर्ची आणि पाटीवरचा फोटो शेठचा. कुठल्या पिकाला कुठलं खत लागतं ते सविताबाईंना कळायचं. शेठना सत्कार कळायचा. बदलून आलेला तलाठी, बदलून गेलेला तलाठी, दहावीला कशीबशी निघालेली पोरं, कुणीही त्यांच्या शालीतून सुटलं नव्हतं. देताना वाक्य ठरलेलं: "हा नारळ माझा न्हाई. हा आपल्या सर्वांच्या वतीनं." फोटोत मात्र सर्व कधी दिसले नाहीत.

एका खत कंपनीनं तालुक्यातल्या, खपाचं टार्गेट गाठणाऱ्या चाळीस विक्रेत्यांना सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. तिकीट आलं ते सविताबाईंच्या नावानं. शेठनी स्वतःचं वेगळं काढलं आणि कुणाला सांगितलं नाही. परत आल्यावर विक्रेता संघटनेचा अध्यक्ष निवडायचा होता. शेठ अकरा वर्षं उपाध्यक्ष होते, म्हणजे हार आणायचे. यंदा त्यांना बिनविरोध अध्यक्ष व्हायचं होतं, आणि त्यासाठी एक फोटो हवा होता: परदेशी अधिकाऱ्याचा सत्कार करताना. फ्लेक्ससाठी चौकातली जागासुद्धा बघून ठेवली होती.

"नारळ तिथंबी मिळत असंल की," बॅग भरताना सविताबाई म्हणाल्या.

"तिथला नारळ आपला न्हाई."

"मग तिथं आपला कशाला?"

शेठनी नारळ शालीत गुंडाळला. समोर सभा नसली की त्यांना उत्तर सुचत नसे.

विमानात नारळाला कुणी हटकलं नाही. जहाजावर चढतानाही कुणी हटकलं नाही. यावरून शेठनी नारळाला जगात मान आहे असा निष्कर्ष काढला.

तिसऱ्या दिवशी जहाज ज्या बंदराला लागणार होतं, त्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला धड घेता आलं नाही. आदल्या संध्याकाळी टूर कंपनीच्या अँड्र्यूनं, तो नगरचाच, सगळ्यांना गोळा केलं. "उद्या उतरताना फळं, बियाणं, काही नेऊ नका. फॉर्ममधी खान्यापिन्याचंबी विचारलंय, जे असंल ते खरं लिहा."

तो वळताच शेठ उभे राहिले. "सगळीकडं नो लिहा. यस म्हनलं की चौकशी लागती. आपल्या पंचायत समितीतबी हेच हाय."

सगळ्यांनी नो लिहिलं. सविताबाईंनी यस लिहिलं.

"अब्रू घालवती का?" शेठ कुजबुजले.

"पिशवीत लाडू हायेत. लाडवात कसली अब्रू?"

सकाळी पिवळ्या टोप्या घातलेली रांग इमिग्रेशनच्या काचेपुढं उभी राहिली. टोप्या कंपनीच्या. अधिकाऱ्यानं शेठचा पासपोर्ट घेतला आणि यंत्राकडे बोट दाखवलं. अंगठा ठेवायचा होता.

"अँड्र्यू, याला सांग, मी सही करतो. आमच्या घरात अंगठा कुनी लावला न्हाई."

"शेठ, इथं पंतप्रधान आला तरी अंगठाच लावतो."

"मग आधी त्याचा घ्या."

शेवटी लावला. यंत्रानं तो एका दमात ओळखला. पाठीमागच्या अस्तगावच्या भागवतचा अंगठा मात्र सहा वेळा पुसावा लागला, कारण भागवत पोती स्वतः उचलायचा आणि त्याच्या रेषा झिजल्या होत्या. शेठच्या रेषा जन्मल्या तशाच शाबूत होत्या.

पुढं कस्टम. शेठची बॅग यंत्रात गेली आणि पडद्यावर कवटीसारखं काहीतरी गोल उमटलं. एका तरुण अधिकारी बाईनं बॅग उघडली, शाल उलगडली, नारळ टेबलावर ठेवला. शेठना वाटलं, हीच वेळ. "भागवत, मोबाईल काढ!" असं ओरडून त्यांनी शाल उचलली आणि बाईच्या खांद्यावर टाकली.

बाई दोन पावलं मागं सरकली. दोन शिपाई दोन पावलं पुढं आले. भागवतचा मोबाईल एकानं हातातून काढून घेतला.

बाईनं काहीतरी विचारलं. अँड्र्यूनं कपाळावरचा घाम पुसला. "शेठ, विचारतीय, हा नारळ कुनाचा?"

तीस वर्षांचं वळण. शेठची छाती आपोआप पुढं आली. "सांग तिला, हा माझा न्हाई. हा आमच्या सर्वांच्या वतीनं हाय."

"शेठ, पाया पडतो, माझा म्हना. नारळ ठिवून घेतील, दम देतील, सोडतील."

"तू शब्दाला शब्द सांग. उगं आपलं डोकं लावू नको."

अँड्र्यूनं शब्दाला शब्द सांगितलं. बाईनं मान वर करून हॉलभर पसरलेल्या पिवळ्या टोप्या पाहिल्या, आणि एकूण एक बॅग टेबलावर मागवली.

मग टेबलावर तालुका उतरला. हिरव्या मिरच्या, लिंबं, पेरू, कांद्याच्या दोन पिशव्या. एकानं तर घरचं कांद्याचं बी आणलं होतं, "तिकडं उगवतंय का बघू" म्हणून. प्रत्येकाच्या फॉर्मवर नो होतं. नो लिहिणाऱ्यांना भिंतीकडेच्या खुर्च्या दाखवण्यात आल्या.

"माझा न्हाई तो नारळ," सविताबाई अँड्र्यूला म्हणाल्या. "मी नको म्हनले हुते. माझे हे लाडू, आन हे मी लिवलंय." अधिकारी बाईनं फॉर्म पाहिला, लाडवाचा वास घेतला, हसली आणि दाराकडे हात केला. सविताबाई एकट्या बाहेर पडल्या.

बाकीच्यांनी परदेश पाहिला तो एवढाच: एक भिंत, एक घड्याळ, आणि न कळणाऱ्या भाषेतली सूचना. मिरच्या, पेरू, बी, नारळ, सगळं एका मोठ्या पिंपात गेलं. चार वाजता त्यांना बाहेर न सोडता तसंच जहाजावर परत धाडलं. जिन्यापाशी सविताबाई भेटल्या. पायाला वाळू होती, हातात आइस्क्रीम.

"कसं हाय गाव, ताई?" भागवतनं विचारलं.

"चांगलं हाय. मानसं लई बोलत न्हाईत."

दहा दिवसांनी राहात्याच्या मंगल कार्यालयात संघटनेची सभा भरली. शेठ कडक इस्त्रीत आले, मागोमाग सविताबाई. खिशात अध्यक्षपद स्वीकारल्याचं भाषण होतं, चार पानी. सभा चालवायला उभ्या असलेल्या भागवतनं आल्या आल्या शेठच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सभेकडे वळून विचारलं, "हा नारळ कुनाचा?"

"सर्वांच्या वतीनं!" सगळं कार्यालय ओरडलं. माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसली. शेठही हसले. त्यांना वाटलं, एकदा हसून घेतलं की माणसं विसरतात.

"आता अध्यक्षपदासाठी नाव सुचवा," भागवत म्हणाला.

कुणी सुचवलं नाही. शेठनी एकेका तोंडाकडे पाहिलं. ज्यांच्या मुलींच्या साखरपुड्यांत त्यांनी भाषणं केली होती, ते सगळे छताकडे बघत होते.

"मग मीच सुचवतो," भागवत म्हणाला. "संघटना लायसनवाल्यांची हाय. पुणतांब्याचं लायसन सविताताईंच्या नावावर हाय. आन आपल्यात खरं लिवनारं त्या दिवशी एकच मानूस हुतं."

हात वर झाले. ज्या हातांनी नो लिहिलं होतं तेच, आणि आज ते फार प्रामाणिक दिसत होते.

शेठनी बायकोकडे पाहिलं. तिनं नको म्हणावं, एवढंच. तिला नको म्हणता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"माझी हरकत न्हाई," सविताबाई म्हणाल्या.

"शेठ, करा सत्कार," भागवतनं माईक पुढं केला. "नारळ हातातच हाय. दोन शब्द बोला."

माईक किंचित किंचाळला. शेठनी नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढून त्याच्या शेजारी ठेवली. मग दारापाशी जाऊन, एवढ्या चपलांमधून आपल्या दोन शोधून, त्या पायांत घालून ते उन्हात निघून गेले.