“हाय का? हाय!” करत बॅटरी खाणारा डबा

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय.

माजलगावजवळ आमच्या भानुदासदादानं पपई लावलीय. ठिबक आपोआप सुरू व्हावं म्हणून मातीची ओल मोजणारा डबा बसवला आणि त्याच्या भरवशावर घरचे सगळे नांदूरघाटला लग्नाला गेले. डब्याची बॅटरी संपली, पाणी सुटलंच नाही. आज येऊन बघतात तर रोपांनी माना टाकलेल्या.

दादानं बोलावलेले डब्याच्या कंपनीचे साहेब गाडीतून उतरले. “काका, बॅटरी मोठी बसवा.”

नवी बॅटरी घालून मी डब्याला लॅपटॉप जोडला. आत ओल मोजणारा भाग आणि मोबाईलवर निरोप धाडणारा भाग, दोघं एकाच वायरवर सारखे बोलत होते. आपल्या बोलीत, “हाय का?” “हाय.” “हाय का?” “हाय.” दर सेकंदाला! ओल काय सेकंदाला बदलती?

वहिनी म्हणाल्या, “भावजी, पारावरची माणसं तरी जेवायला घरी जात्यात की!”

मी म्हणालो, “साहेब, याला झोपायला शिकवा. तासाला एकदा उठावं, झटकन ओल सांगावी, परत झोपावं. हीच बॅटरी लई दिवस पुरंल.”

“त्यासाठी प्रोग्राम बदलावा लागेल,” साहेब म्हणाले, जणू मी त्यांना विहीर खणायला लावतोय.

दादा भडकला. “मंग बदला की! कावून बदलत न्हाई?”

साहेब मोठ्या बॅटरीचं पत्रक ठेवून गेले.

ठिबक चालू झालंय, पण बांधाकडच्या ओळी काही उठत नाहीत. डबा मात्र नव्या जोमानं विचारतोय, “हाय का?”

त्या रोपांनी काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा.